सुपरलेटिव्ह: ईएसटी, मोस्ट आणि विसरला जाणारा ‘अदर’

तुमचे प्रश्न दोन: इंग्रजीत ‘सर्वांत उंच’, ‘सर्वांत सुंदर’ असं सांगणाऱ्या सुपरलेटिव्हला शेवटी ईएसटी (est) कुठे आणि आधी मोस्ट कुठे, आणि ‘चेंज द डिग्री’मध्ये, म्हणजे तेच वाक्य तुलनेच्या दुसऱ्या रूपात लिहिताना, मार्क का जातात.

पहिलं पटकन. एका सिलेबलच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) विशेषणाला ईएसटी: टॉलेस्ट, स्लोएस्ट. शेवटी एकच स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल तर व्यंजन दुप्पट होतं. म्हणून बिगेस्टमध्ये जी दोनदा, पण क्लीनेस्टमध्ये एन एकदाच. डब्ल्यू आणि एक्स दुप्पट होत नाहीत. दोन सिलेबल आणि शेवटी वाय असेल तर वायचा आय: हॅपिएस्ट. सिंपल, नॅरो, क्लेव्हर यांनाही ईएसटी चालतं. फुल, लेस, इंग, ओयूएस असा शेवट असेल किंवा तीन-चार सिलेबल असतील तर मोस्ट. गुड-बेस्ट, बॅड-वर्स्ट, लिटल-लीस्ट सरळ पाठ करा. दोन्ही एकदम, म्हणजे ‘मोस्ट टॉलेस्ट’, कधीच नाही.

मार्क खरे जातात ते पुढे. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’ हे वाक्य घ्या. कंपॅरेटिव्ह, म्हणजे ‘पेक्षा’ची तुलना: ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.’ इथला ‘अदर’ गाळला की कळसूबाई स्वतःपेक्षाच उंच ठरते, कारण तीही महाराष्ट्रातलीच. पॉझिटिव्ह, म्हणजे विशेषणाचं मूळ रूप: ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई.’

‘वन ऑफ द’ आलं की साचा बदलतो. ‘साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स इन महाराष्ट्र.’ नाम अनेकवचनी, क्रियापद मात्र एकवचनी. ‘वन ऑफ द बेस्ट स्टुडंट’ ही आपल्याकडची हमखास चूक. इथे ‘नो अदर’ लिहाल तर साल्हेरला पहिला नंबर देऊन बसाल, आणि तो कळसूबाईचा आहे. म्हणून ‘व्हेरी फ्यू पीक्स इन महाराष्ट्र आर अ‍ॅज हाय अ‍ॅज साल्हेर’ आणि ‘साल्हेर इज हायर दॅन मोस्ट अदर पीक्स इन महाराष्ट्र’.

मराठीत आर्टिकल नसल्याने ‘द’ सुटतो, तो आठवणीने लावा. माय, हर, रवीज असं काही आधी आलं तर मात्र लावू नका: ‘माय बेस्ट फ्रेंड’. आणि ‘वर्गात’, ‘पाच बहिणींत’ दोन्हीकडे आपण ‘त’ लावतो, म्हणून इंग्रजीतही ‘इन’ लिहून मोकळे होतो. जागा किंवा एक गट असेल तर इन द क्लास. माणसं-वस्तू मोजून सांगितल्या असतील तर ऑफ द फाइव्ह सिस्टर्स. दोनच असतील तर परीक्षेत सुपरलेटिव्ह टाळा: ‘द टॉलर ऑफ द टू’.