डिकीवरच्या जुन्या स्पॉयलरची भोके
गाडीच्या डिकीवरच्या नव्या स्पॉयलरची (पंखासारख्या पट्टीची) भोके जुन्यांशी जुळत नसतील, तर उरलेली भोके नुसत्या पुट्टीने बुजवू नयेत, असे मी आपणांस आग्रहाने सांगेन. पुट्टी ओलावा शोषते, आणि ऐरोली-वाशीच्या खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्याखालचा पत्रा गंजून वरचा रंग फुगू लागतो. भोकाभोवतीचा रंग खरवडून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून, डिकीच्याच जाडीच्या पत्र्याची टिकली थांबत थांबत, एकेका टाक्याने वेल्ड करून घ्यावी, कारण सलग उष्णतेने पातळ पत्रा वाकतो. मग आतून-बाहेरून एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा रंग) लावावा. आतली बाजू गॅरेजवाले हमखास विसरतात, म्हणून ती स्वतः पाहावी. पुट्टीचा पातळ थर त्यानंतरच द्यावा. रंगकाम पुढे ढकलायचे असल्यास तोवर घट्ट बसणारे रबरी बूच पुरेल.