श्वासनलिकेभोवतीचं कडं: पालकांचे प्रश्न

प्रश्न: बाळ ७ महिन्यांचं आहे. जन्मल्यापासून घरघरतं, दूध पिताना जास्तच. बाळदमा म्हणून नेब्युलायझर चालू आहे, फरक नाही.

बाळदम्याची घरघर येते-जाते, मधले दिवस छाती मोकळी असते. तुमच्या बाळाची घरघर मात्र सुट्टी घेत नाही. जोडीला भुंकल्यासारखा खोकला असेल, बाळ मान मागे टाकून झोपत असेल, तर ‘व्हॅस्क्युलर रिंग’ची, म्हणजे श्वासनलिकेभोवती रक्तवाहिन्यांचं कडं असल्याची शंका घ्यावी. गर्भात महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) उजवी-डावी अशा दोन कमानी असतात. एरवी उजवी विरून जाते. दोन्ही टिकल्या की श्वासनलिका आणि अन्ननलिका त्यांच्या कड्यात सापडतात. एक्स-रे काढलेला असेल तर कमान कुठल्या बाजूला दिसते, एवढं आधी विचारा.

प्रश्न: २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे. मग सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) कशाला?

इको हृदयातले दोष चांगले दाखवतो. पण हवेने भरलेल्या श्वासनलिकेपलीकडचं त्याला नीट दिसत नाही. शिवाय कधी कड्याचा एखादा भाग म्हणजे रक्त नसलेली नुसती दोरी असते. ती सीटीतही दिसत नाही! पण कमान उजवीकडे, डाव्या हाताची धमनी मागून निघालेली आणि तिच्या मुळाशी फुगवटा, एवढं सीटीत दिसलं की दोरी आहे असं धरून चालतात.

प्रश्न: कडं सोडवायच्या ऑपरेशनमध्ये धमनी कापल्यावर हाताला रक्त कुठून मिळणार?

दुहेरी कमानीत बहुधा उजवी मोठी असते. कापायची ती लहान, डावी. छाती डाव्या बाजूने, चौथ्या फासळीखालून उघडतात. हार्ट-लंग मशीन सहसा लागत नाही. आधी क्लॅम्प (धमनी बंद करणारा चिमटा) लावून दोन्ही हातांची आणि मानेची नाडी तपासतात. ती शाबूत असेल तरच दोन क्लॅम्पच्या मधे कापून दोन्ही टोकं शिवतात. मग दोरी तोडायची आणि अन्ननलिकेवरचे चिवट पापुद्रेही सोडवायचे. ते राहिले तर गिळायचा त्रास राहतो. स्वरयंत्राची नस त्या दोरीलाच वळसा घालून जाते. ती ताणली गेली की आवाज बसतो. दूध सुरू झाल्यावर ड्रेनमधून (छातीत ठेवलेल्या नळीतून) दुधाळ पाणी आलं, तर लसिकावाहिनी (आतड्यातला स्निग्ध रस वाहून नेणारी नळी) दुखावलेली असते.

प्रश्न: ऑपरेशनला महिना झाला, घरघर आहेच.

कडं सुटलं तरी दाबून मऊ पडलेली श्वासनलिकेची कूर्चा (लवचीक हाड) लगेच ताठ होत नाही. काही महिने, कधी वर्षही लागतं. पण ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिकेची आतून तपासणी) करावी लागू शकते.