जुन्या धाटणीची पण आधुनिक ताकदीची रोडस्टर मोटारसायकल साताऱ्यातील वापरासाठी घ्यावी का?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे: घरी वडिलांची जुनी बुलेट आहे, वास्तव्य साताऱ्यात आहे, सुट्टीच्या दिवशी कास, बामणोली किंवा महाबळेश्वर आणि अधूनमधून पुणे असा प्रवास होतो, अशा वेळी ट्रायम्फ स्पीड ४०० सारखी, दिसायला जुन्या वळणाची पण यंत्राने नवी असलेली गाडी घ्यावी का, की हे सारे केवळ रूपाचे आकर्षण आहे? मी साताऱ्यातच राहतो आणि याच रस्त्यांवर हीच गाडी चालवतो. माझ्या मते गाडी जरूर घ्यावी, परंतु तिच्या रूपावरून तिच्या स्वभावाचा अंदाज बांधू नये. बुलेटची सवय असलेल्या माणसाची सुरुवातीला जी निराशा होते, ती बहुधा याच कारणाने होते.

गोल हेडलाइट, भरीव टाकी आणि इंजिनावरच्या पट्ट्या पाहून हे हवेवर थंड होणारे, संथ चालीचे इंजिन असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते पाण्यावर थंड होणारे आहे, पुढच्या चाकामागे रेडिएटर बसवलेला आहे आणि त्या पट्ट्या मुख्यतः शोभेसाठी आहेत. खरा फरक मात्र आत आहे. जुन्या ३४६ सीसी बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर होता, म्हणजे सिलिंडर अरुंद आणि पिस्टनचा प्रवास लांब. स्पीड ४०० च्या ३९८ सीसी इंजिनात हे प्रमाण उलटे आहे: बोअर ८९ आणि स्ट्रोक ६४ मिलिमीटर. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील (फिरण्याची गती टिकवणारे चाक) असलेले इंजिन कमी आरपीएमवरही, म्हणजे मिनिटाला कमी फेरे घेतानाही, नेटाने ओढते, पण आरपीएम वाढवत नेल्यास लवकर दमते. आखूड स्ट्रोकचे इंजिन मोकळेपणाने वर फिरते आणि त्याची ताकदही वरच्या आरपीएमला असते. म्हणूनच स्पीड ४०० ची ४० पीएस शक्ती ८००० आरपीएमला आणि ३७.५ न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) ६५०० आरपीएमला मिळतो, तर आजच्या रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० चा २७ न्यूटन मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच हाती येतो.

साताऱ्याहून कासकडे जाणारा यवतेश्वरचा घाट चढताना याचा अर्थ ताबडतोब कळतो. बुलेटवर आपण वरच्या गिअरमध्येच राहून थ्रॉटल उघडतो आणि गाडी सावकाश का होईना, चढत राहते. हीच सवय येथे ठेवली, तर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये इंजिन गचके देऊ लागते, चेन खडखडते आणि एवढे पैसे कशासाठी दिले असा प्रश्न पडतो. वळणाआधीच दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये येऊन इंजिन ४००० ते ६००० आरपीएमच्या दरम्यान खेळते ठेवले, की मागे माणूस बसलेला असतानाही गाडी वळणातून अशी सुटते की ती १८० किलोंच्या आसपासची आहे हे जाणवत नाही. या गाडीचा आनंद तेथे आहे, आणि तो जपून पण मनापासून घ्यावा.

उतरणीबद्दल मी अधिक आग्रहाने सांगेन, कारण वाई आणि पाचगणीदरम्यानच्या पसरणी घाटात चढण्यापेक्षा उतरणे कठीण असते. पुढे ३०० मिलिमीटरची डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्लिपर क्लच ही या गाडीची खरी आधुनिकता आहे. घाईत गिअर खाली टाकला तर मागचे चाक उड्या मारू नये, यासाठी हा क्लच उलट येणारा जोर थोडा सोडून देतो. त्यामुळे खालच्या गिअरमध्ये उतरावे, इंजिनाला वेग रोखू द्यावा आणि ब्रेक सतत दाबून तापवू नयेत. पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ आणि लाल माती असते. मागचे चाक जागीच घसरून फिरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याची सोय असली, तरी त्या दिवसांत ते चालूच ठेवावे. गाडी झुकलेली असताना एबीएस घसरणे टाळेलच असे नाही, म्हणून ब्रेकचे काम वळणाआधी उरकावे.

वडिलांची बुलेट उजव्या पायाच्या गिअरची असेल, तर आणखी एक सूचना करतो: काही दिवस घाटात जाऊ नका. अडचणीच्या क्षणी पाय जुन्या सवयीने ब्रेक डावीकडे शोधतो, आणि तेथे आता गिअर असतो.

पुण्याच्या प्रवासात रोडस्टर या प्रकाराची मर्यादा दिसते. पुढे काच नसल्याने खंबाटकी घाटानंतरच्या सरळ महामार्गावर वारा थेट छातीवर येतो आणि वरच्या आरपीएमला हँडल व फूटरेस्टमध्ये कंप जाणवतो. ८० ते ९० च्या वेगात मात्र बसणे अत्यंत सुखाचे आहे. आपला बहुतेक प्रवास महामार्गाचाच असता, तर मी रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५० सुचवली असती. दोन सिलिंडरचे ते ६४८ सीसी इंजिन सुमारे ४७ पीएस शक्ती देते, ५२ न्यूटन मीटर टॉर्कपैकी बराचसा खालच्या आरपीएमलाच मिळतो, आणि बुलेटच्या सवयी तेथे बऱ्याच अंशी चालून जातात. पण २१० किलोंहून अधिक वजन मोती चौकातल्या गर्दीत आणि बामणोलीच्या अरुंद वळणांवर सांभाळावे लागते. आपण सांगितलेल्या वापरात घाट जास्त आहेत, त्यामुळे हलकी गाडीच योग्य ठरेल.

किमतीबाबत, सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरील दुचाकींवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणून जुन्या लेखांतील आकड्यांवर न जाता शोरूममधून ऑन-रोड किंमत लेखी घ्यावी. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर पुढची थेट १६,००० किमीला सांगितलेली असली, तरी चेन तितके दिवस वाट पाहत नाही. दर ५०० किमीच्या आसपास, आणि भर पावसात त्याहूनही लवकर, ती साफ करून वंगण द्यावे. टेस्ट राइड शहरातल्या सपाट रस्त्यावर उरकू देऊ नका. शोरूमवाल्यांना विनंती करून यवतेश्वरपर्यंत जा, मागे घरचे माणूस बसवा, आणि परत खाली येईपर्यंत होकार देऊ नका.