मालदीवची सहल कमी खर्चात कशी करावी?

मालदीवमध्ये खर्च किती होणार हे मुख्यतः आपण कोणत्या बेटावर राहतो यावर ठरते. एका बेटावर एकच रिसॉर्ट असेल, तर जेवणापासून स्पीडबोटपर्यंत सगळे त्याच्याच दराने घ्यावे लागते. त्याऐवजी माफुशी, थुलुस्धू यांसारख्या लोकवस्तीच्या बेटांवरील गेस्टहाउस निवडावे. राजधानी मालेहून तेथे जाणारी सरकारी फेरीबोट स्पीडबोटीच्या मानाने फारच स्वस्त पडते. मात्र ती संथ असते आणि शुक्रवारी बहुतेक मार्गांवर बंद असते, त्यामुळे विमानाची वेळ तिच्याशी जुळवूनच तिकीट काढावे.

खोलीचा जाहिरातीतील दर अंतिम समजू नये, कारण त्यावर १७ टक्के पर्यटन जीएसटी (जुलै २०२५ पासून), बहुधा १० टक्के सेवाशुल्क आणि प्रतिव्यक्ती प्रतिरात्र हरितकर लागतो; हा कर लहान गेस्टहाउसमध्ये ६ डॉलर, तर रिसॉर्टमध्ये १२ डॉलर आहे. आरक्षणापूर्वी सर्व करांसह रक्कम लेखी मागवावी.

जेवण स्थानिक हॉटेलात घ्यावे. टूना, ओले खोबरे, कांदा आणि मिरची कालवून केलेली मस हुनी आणि गरम रोशी, म्हणजे जवळपास आपली पोळीच, एवढ्यावर सकाळ सहज निघते. तेथे पैसे रुफियात, म्हणजे मालदीवच्या चलनात, द्यावेत, कारण डॉलर दिल्यास हिशेब दुकानदाराच्या सोयीने होतो. मद्य मात्र या बेटांवर मिळत नाही, त्यामुळे तोही खर्च आपोआप वाचतो. भारतीयांना पर्यटक व्हिसा विमानतळावर विनामूल्य मिळतो, तेव्हा त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत.