कोंढव्याचा फ्लॅट भाड्याने द्यावा की स्वतः राहायला जावं?

दादा, तुमचा हिशेब वाचला. हातात पगार दोघांचा मिळून १ लाख १५ हजार, कोंढवा बुद्रुकच्या रीसेल फ्लॅटचा हप्ता ३८ हजार, कोथरूडचं घरभाडं २६, आणि कोंढव्याचा फ्लॅट दिला तर १८ येतील. म्हणजे कोथरूडला राहणं ८ हजारांनी महाग पडतं, आणि मुलगी नववीत आहे म्हणून तेवढे सोसावेत का, असा प्रश्न आहे ना? सोसा असंच मी म्हणेन, पण ते ८ नाहीयेत.

स्वतः राहायला गेलात तर हप्त्यावर मेंटेनन्स साडेतीन हजार, उन्हाळ्यातल्या टँकरचे वर्षावर पसरून महिन्याला हजार-बाराशे, बाणेरच्या ऑफिसपर्यंतचं जास्तीचं पेट्रोल साडेतीन आणि मुलीची व्हॅन अडीच धरा, कोथरूडची शाळा काही बदलणार नाही तुम्ही. मिळकत कर (महापालिकेची घरपट्टी) धरून पन्नासच्या आसपास जातं. भाड्याने दिलात तर तुमचे ४६ आहेत (३८ आणि २६, वजा १८), त्यात मेंटेनन्स मालकाच्याच गळ्यात, ब्रोकरेज आणि मधला रिकामा काळ धरून दीड हजार, आणि मिळकत कर जास्त. एकूण बावन्न-त्रेपन्न. फरक तीन हजारांचा, दहावी होईपर्यंत तो द्यायला काहीच हरकत नाही.

आता मिळकत कर, कारण तुमच्या यादीत तो कुठेच नाहीये. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत देते, मध्ये ती बंद झाली होती, २०२३ मध्ये परत लागू झाली. भाड्याने दिलं की ती नाही. म्हणजे सवलतीसकट १२ हजार बिल असेल तर सवलतीशिवाय साधारण २० धरा. आणि आधीचा मालक तिथे राहत होता म्हणून बिलात सवलत तशीच चालू दिसली तर गप्प बसू नका प्लीज, नंतर फरकाची वसुली येते. पुढे स्वतः राहायला गेलात की पीटी-३ फॉर्म, सोसायटीचं पत्र आणि त्या पत्त्याचा पुरावा देऊन सवलत घ्या. रीसेल आहे म्हणून जुनी थकबाकी आजच ऑनलाइन बघा, ती मिळकतीवर बसते, मालक बदलला तरी, आणि वर महिन्याला २ टक्के शास्ती. बिलावर नावही लावून घ्या.

भाड्याच्या इन्कम टॅक्सची फार चिंता नको. भरलेला मिळकत कर, ३० टक्के वजावट आणि कर्जाचं व्याज भाड्यातून वजा होतं, नव्या रेजीममध्येसुद्धा, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत भाड्यावर बहुतेक काही लागणार नाही. प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २५०० पगारातूनच जातो, तो सोडा.

मला खरी काळजी वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची वाटते. मिळकत कर, शाळेची फी, मेडिक्लेम, गाडीचा इन्शुरन्स, दिवाळी, सगळ्याची बेरीज करून बाराने भागा आणि पगार झाला की त्याच दिवशी ती रक्कम वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे सवलतीच्या मुदतीत मिळकत कर भरून बिलातल्या सामान्य करावरची सूटही मिळते आणि क्रेडिट कार्ड काढावं लागत नाही. भाडेकरूचं डिपॉझिट एफडीत ठेवा, ते परत द्यायचंय.

एकच अट. फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला तर ३६ हजार गेले, म्हणजे वर्षभराचा फरक दुप्पट झाला. तसं व्हायला लागलं तर भाडं हजार-दीड हजाराने कमी करा पण चांगलं कुटुंब बघून लगेच देऊन टाका, अठरावर अडून बसू नका.