क्रूझ मुरगाव बंदरात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच थांबणार आहे. तेवढ्या वेळात काणकोणजवळचा पर्तगाळीचा मठ करावा की वास्कोतच फिरावं?

वास्को. माझं माहेर तिथलं आहे, तेव्हा मी दुसरं काही म्हणणार नव्हतेच. तरी पुढचं वाचा, कारण तुमच्या मनात आहे तोच बेत आमच्या घरातल्या नऊ जणांनी करून बघितला आहे. जहाजातून नऊ उतरलो. परत चढले पाच.

पर्तगाळीला 77 फुटी रामाचा पुतळा उभा राहिला, नोव्हेंबर 2025 मध्ये, त्यानंतरच्याच हिवाळ्यातली गोष्ट. आमचं सासर रत्नागिरीचं, मठ फोंड्याजवळच्या कवळ्याचा. म्हणजे आम्ही स्मार्त सारस्वत. पर्तगाळी हा वैष्णव सारस्वतांचा, 1475 पासूनच्या परंपरेचा. आमचा त्याच्याशी तसा संबंध नाही. पण मोठ्या भाऊजींनी फोनवर तो पुतळा पाहिला आणि ठरवून टाकलं. मी म्हटलं, बंदरापासून गाव चार किलोमीटरवर आहे, निवांत फिरू, माझ्या भावाकडे जेवू. त्यावर ते म्हणाले, "वास्कोत काय बघायचं? स्टेशन आणि ट्रक?" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या लग्नाच्या बोलणीत. बावीस वर्षं झाली.

जहाज नऊला लागलं तरी आपण नऊला बाहेर पडत नाही. मजल्यामजल्याने सोडतात, मग बंदराच्या फाटकापर्यंत बस, मग ठरवलेली गाडी शोधा. सव्वादहा झाले. दोन गाड्या. मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमल घाटाची वळणं. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे, पण गोव्यातले किलोमीटर लांब असतात. पोचायला साडेबारा.

मठ सुंदरच आहे, त्यात वाद नाही. कुशावती नदी, मोठा वड, शांतता. पुतळ्यासमोर मान मागे टाकून उभे राहिलो तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. पण तेवढ्यात नैवेद्याची वेळ झाली आणि भाऊजी म्हणाले, "मठात येऊन प्रसाद न घेता जायचं?" पंगत बसली. खतखत्याची भाजी होती, हरभऱ्याच्या डाळीची खीर, म्हणजे मणगणं होतं. पुढच्या गाडीतले, म्हणजे सासूबाई आणि चारही मुलं, पहिल्या पंगतीत जेवून निघाली. आम्ही चौघं दुसऱ्या पंगतीत. वाढपी मणगण्याचं भांडं घेऊन तिसऱ्यांदा आला तेव्हा भाऊजींनी पानावर आडवा हात धरायच्या ऐवजी द्रोण पुढे केला. जहाज तिथे चुकलं. घाटात एक ट्रेलर बंद पडून आमची चाळीस मिनिटं गेली हे खरं आहे, आणि भाऊजी आजही फक्त ट्रेलरचंच सांगतात.

फाटकावर पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. जहाजाची शिडी वर गेलेली. दोरखंड सुटून पाण्यात पडला त्याचा आवाज मला ऐकू आला. वरच्या डेकवर सासूबाई दिसल्या, हातात प्रसादाची पुडी. त्यांना वाटलं आम्ही उगाच धक्क्यावर उभे आहोत आणि मागून चढू. त्यांनी आम्हाला हात केला. भाऊजी धोतर-उपरण्यावर. दर्शनासाठी सदरा काढला तो पहिल्या गाडीतल्या पिशवीत, म्हणजे आता जहाजात, मुंबईच्या वाटेवर.

रात्री कुठे राहिले? वास्कोत. माझ्या भावाकडे. त्याने घालायला दिला तो फुटबॉलचा टी-शर्ट, छातीवर मोठ्या अक्षरात वास्को.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

मठ ही दीड तासात उरकायची जागा नव्हे. तिथे मुद्दाम जावं, मुक्काम करावा, पहाटे नदीवर जावं. काणकोणला रेल्वे आहे, रस्ता आहे, कधीही जाता येतं. बंदरात बोटीने शिरणं मात्र रोज होत नाही. डेकवरून जे दिसतं त्याची गोष्ट लगेच खाली उतरून ऐकता येते, ती संधी सोडू नका.

आणि गोष्ट आहे. 1888 मध्ये इथून घाटावर रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून हे गाव वाढलं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून जर्मन आणि इटालियन जहाजं या बंदरात आसरा घेऊन थांबलेली. मार्च 1943 मध्ये कलकत्त्याच्या घोडदळातले काही पोट सुटलेले हौशी शिपाई एका संथ बार्जमधून आले आणि रात्री एहरेनफेल्स नावाच्या जर्मन जहाजावर चढले. जर्मनांनी आपली जहाजं आपणच बुडवली. आमचे बाबा खनिजाच्या धक्क्यावर होते, ही हकिगत ते असं सांगत की जणू स्वतः कंदील धरून उभे होते. तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. त्यांच्या शर्टाची कॉलर मात्र मला आठवते. खनिजाने तांबडी, आणि धुताना पहिलं पाणी चहासारखं निघायचं.

सकाळी खारीवाड्यावर ट्रॉलर येतात ते बघा. कुठल्याही कॅफेत भाजी-पाव आणि बन्स खा. दामोदराच्या देवळात जा. श्रावणातला त्याचा भजनी सप्ताह शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. सड्यावरच्या जॅपनीज गार्डनमधून सगळं बंदर आणि झुआरी नदीचं मुख दिसतं. दाबोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सोमवारी बंद. पणजीला नव्या पुलावरून पटकन जाता येतं, पण पणजी सगळेच बघतात.

मठ हवाच असेल तर कवळ्याला जा. अंतर निम्मं. कुठ्ठाळीवरून बोरीचा पूल ओलांडला की फोंडा, तिथून कवळे जवळ. शांतादुर्गाही होते. मठ आणि शांतादुर्गा दोन्ही मूळचे केळशीचे, झुआरीच्या अलीकडचे. मंगेशी कुठ्ठाळीचा. वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह सांकवाळचा. म्हणजे तुमचं जहाज लागेल त्याच तालुक्यातले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी देव नदीपार नेले. हे मी घाटात गाडी थांबली असताना भाऊजींना सांगत होते. ते म्हणाले, "आत्ता नको."

तुम्ही पर्तगाळी मठाचे अनुयायी असाल तर माझं मत सोडून द्या, तिथे जाणं तुमचं कर्तव्यच. आणि जहाजाकडूनच सहल घेतलीत तर उशीर झाला तरी सहसा जहाज थांबतं. आपली गाडी आपण ठरवली की थांबत नाही. आम्ही माणशी दीड हजार वाचवले होते. आधार कार्ड, औषधं आणि एक सदरा अंगाजवळ ठेवा. ओला-उबर गोव्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी एक्स्प्रेसने आम्ही रत्नागिरीला आलो. त्याआधी पहाटे भावाने भाऊजींना खारीवाड्यावर नेलं होतं. तिथे ते तासभर होते, एका तांडेलाला डिझेल किती लागतं ते विचारत बसले. गाडीत शेजारच्या माणसाला मात्र पूर्ण राजापूरपर्यंत फक्त रामाचं सांगत होते. तो टी-शर्ट अजून परत केलेला नाही. रोज सकाळी दूध आणायला जातात तो घालून.