त्या मुलीचं चित्र परत पाठवा

पत्र: सलाम. मी नगरची, माध्यमिक शाळेतून चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीच्या ओळखीतून कंबोडियाला गेले आणि नॉम पेन्हजवळच्या एका केंद्रात, तस्करीतून सोडवलेल्या मुलींना तीन महिने चित्रकला शिकवली. मुली मला ‘नेक क्रू’ म्हणायच्या, म्हणजे बाई. प्रभूने या वयात माझ्या हातून सेवा घेतली, याचा आनंद सांगता येत नाही. परत आल्यावर चर्चमध्ये साक्ष दिली तेव्हा लोक रडले. बारा वर्षांच्या एका मुलीने खांबांवरचं घर आणि त्याची शिडी काढली होती, ते चित्र मी सोबत आणलं. शेवटच्या दिवशी ती ते मागत होती, पण सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतील असं मी खुणेने सांगितल्यावर तिने मान हलवली. पाळकसाहेबांनी त्यावर बायबलमधल्या याकोबाच्या, स्वर्गाला पोचणाऱ्या शिडीचा संदेश दिला. आता ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, खाली तिचं नाव, वय आणि गाव आहे. पाळकसाहेब म्हणतात, नोव्हेंबरात पुन्हा जा. मुलगा म्हणतो, साठी उलटली, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, तिकिटाचे पैसे कुठून आणणार? सून बोलत नाही, पण तोंड पाडून असते. मुलाला कसं समजावू? देवाची हाक मोठी की घर?

उत्तर:

बाई, सलाम.

मुलाचं आणि तिकिटाचं नंतर बघू. तुमच्या एवढ्या पत्रात माझी नजर एका अर्ध्या वाक्यावर अडकली आणि तिथून हलेना. ‘ती ते मागत होती.’ हे लिहून तुम्ही लगेच प्रार्थनेकडे वळलात, याकोबाकडे वळलात, फ्रेमकडे वळलात. मी मात्र तिथेच थांबणार आहे, कारण त्या मुलीला मागितलेलं मिळालेलं नाही.

तुम्ही इतकी वर्षं शाळेत होतात. चित्रकलेच्या वह्यांचा गठ्ठा घरी आणायचा, तपासायचा, शेरा लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी ज्याची वही त्याच्या हातात द्यायची. एखाद्या मुलाचं चित्र फारच सुंदर आहे म्हणून तुम्ही त्याची वही घरी ठेवून घेतली असती का? त्याचे आईवडील दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन उभे राहिले असते. या मुलीच्या बाजूने येऊन उभं राहणारं तिथे कोणी नव्हतं. म्हणून तिची वही नगरला आली.

जिला विकलं गेलं, अशा मुलीचं काय काय जातं याचा विचार तुम्ही नक्की केला असेल. पण सुटकेनंतर काय होतं तेही बघा. पोलीस जबाब घेतात, डॉक्टर तपासतात, वकील तेच पुन्हा विचारतात, न्यायालयात तेच परत सांगावं लागतं. यातलं बरंचसं गरजेचं असतं, तरी प्रत्येक मोठ्या माणसाला तिच्याकडून काहीतरी हवंच असतं. तुमचा तास हा एकच असा होता जिथे तिच्याकडून कोणी काही काढून घेत नव्हतं. कागद तिचा, रंग तिने निवडलेले, काय काढायचं तेही तिचंच. तुम्ही तिला खरोखर मोठी गोष्ट दिलीत, आणि निघायच्या दिवशी नेमकी तीच परत घेतलीत.

‘तिने मान हलवली’ म्हणता. बाई, मोठ्यांपुढे मान हलवायचं त्या पोरीला कोणी शिकवलं असेल? तुम्ही परदेशी, वयाने मोठ्या, शिक्षिका, हातात सामानाची पिशवी, निघायच्या घाईत. तिची भाषा तुम्हाला येत नाही, तुमची तिला येत नाही. तिने दुसरं काय करायचं होतं? त्या मान हलवण्याला होकार समजू नका. तिचं खरं म्हणणं तिने आधीच सांगितलं होतं. चित्र मागितलं होतं. नाही ऐकण्याची सवय झालेलं मूल जेव्हा स्वतःहून काही मागतं, तेव्हा केंद्रातल्या बायका आपसात आनंदाने सांगतात की पोरगी सुधारतेय. तुम्हाला ते दिसलं होतं. नाहीतर पत्रात लिहिलंच नसतंत.

आता त्या घराविषयी. कंबोडियाच्या खेड्यांत बहुतेक घरं खांबांवर असतात. मेकाँग आणि टोनले साप सरोवराचं पाणी पावसाळ्यात चढतं, म्हणून राहायचं वर. खाली झोळी टांगलेली, कुठे गुरं, कुठे माग. वर जायला शिडी किंवा जिना लागतोच. त्या मुलीने उत्पत्तीच्या 28व्या अध्यायातली याकोबाची शिडी काढलेली नाही, तिने घर काढलंय. कदाचित तिचं स्वतःचं. आणि या धंद्यात मुली पळवून नेणारा दरवेळी कोणी अनोळखी राक्षस नसतो. नॉम पेन्हच्या उत्तरेला स्वाय पाक नावाची वस्ती याच व्यापारासाठी जगभर बदनाम झाली, तिथे कर्जात बुडालेल्या घरांतूनच मुलींचे सौदे झाल्याचं पुढे आलं. त्यामुळे अशा मुलीने काढलेल्या घरात काय काय असेल, हे मला माहीत नाही, तुम्हाला नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच. माया असेल, भीती असेल, दोन्ही असेल. त्याच्यावर भर उपासनेत अर्थ चिकटवायचा अधिकार कोणी कोणाला दिला?

आणि खाली नाव, वय, गाव! हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही. हीच मुलगी आपल्याकडच्या बालगृहात असती तर बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 प्रमाणे तिची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकलं असतं. ती परदेशातली आहे म्हणून नगरच्या हॉलमध्ये तिची लाज राखायची नाही, असं तर तुमच्या मंडळीला म्हणायचं नसेल ना? त्या फ्रेमचे फोटो किती मोबाइलमध्ये गेले असतील, कोणी कोणाला पाठवले असतील, याचा हिशोब आता कोण देणार?

तेव्हा एकच करा. या रविवारच्या आधी हॉलमध्ये जा, स्वतःच्या हाताने ती फ्रेम उतरवा आणि खालची पट्टी फाडून टाका. पाळकसाहेबांना विचारायला जाऊ नका, सांगायला जा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो असतील तर ते काढायला लावा. मग चित्र दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून, वर प्लास्टिक गुंडाळून, केंद्रातल्या समाजसेविकेच्या नावाने कुरिअर करा. सोबत तिला इंग्रजीत चार ओळी लिहा: हे चित्र या मुलीचं आहे, तिने मागितलं होतं, मी द्यायला हवं होतं, ते तिच्या हातात द्यावं. बस. मुलीला माफी मागणारं लांबलचक पत्र नको, नाहीतर तुमचं मन हलकं करायचं कामही तिच्याच गळ्यात पडेल. तिने ते चित्र भिंतीवर लावलं काय आणि फाडून फेकलं काय, तिचं ती बघेल. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, तुम्हाला तर जेवढ्यास तेवढंच द्यायचं आहे.

पुन्हा जायचं का? ते पाळकसाहेबांनी ठरवायचं नाही आणि तुमच्या मुलानेही नाही. चित्र पोचल्यावर केंद्रालाच विचारा की आमची गरज आहे का, आणि ‘नाही’ आलं तर ते ऐका. दर तीन महिन्यांनी नवी बाई येते, जीव लावते आणि विमानाने निघून जाते, हे त्या मुलींसाठी फार जड असतं. परदेशी शिक्षकाचं काम टिकतं कसं, याचं उदाहरण कंबोडियातच आहे. थायलंडच्या सीमेवर ‘साइट टू’ नावाची निर्वासितांची छावणी होती. तिथे एका फ्रेंच चित्रशिक्षिकेकडे शिकलेल्या मुलांनी मायदेशी परतल्यावर तिच्यासोबत 1994 मध्ये बट्टमबँग इथे ‘फारे पोनलू सेल्पाक’ ही कलाशाळा काढली. छावणीत हातात पेन्सिल धरणारी मुलं पुढे दुसऱ्या मुलांची शिक्षक झाली. तुमच्या केंद्राच्या आसपास अशी ख्मेर, म्हणजे तिथली भाषा, बोलणारी एखादी चित्रकलेची शिक्षिका असेल, तर नोव्हेंबरच्या तिकिटाचे पैसे तिच्या पगाराला द्या. ती तिथेच राहील, मुलींशी त्यांच्या भाषेत बोलेल आणि वह्या तपासून परत देईल.

मुलाच्या बीपीच्या काळजीत तथ्य आहे, त्याच्यावर चिडू नका. सुनेशी तुम्हीच होऊन बोला. पण हे सगळं कुरिअरची पावती हातात आल्यावर.